पटाखालची ओळ

बुद्धिबळाच्या कोड्याखाली एक ओळ छापलेली असते: 'पांढऱ्याची खेळी, पांढरा जिंकतो.' आपण ती ओझरती वाचतो आणि लगेच पटाकडे वळतो. पण कोड्यातली सगळ्यात मोठी मदत त्या ओळीतच दडलेली असते. इथे विजय आहे, कुणीतरी तो आधीच तपासून ठेवला आहे, आता फक्त हुडकायचा, एवढं सगळं ती सांगून टाकते. डावात समोरचा माणूस घड्याळाचं बटण दाबतो आणि गप्प बसतो. पटावर जिंकायला काही आहे की नाही, हे सांगायला तिथे कुणी नसतं.

डावाच्या शेवटाची कोडी मला सगळ्यात जास्त आवडतात. दोन राजे, एखाद-दुसरं प्यादं, फार तर एखादा हत्ती. रिकामा पट बघून नवख्याला वाटतं, हे तर सोपंच असणार. मधल्या डावाच्या कोड्यांत डोळ्यांना एक सवय लागलेली असते: आधी शह बघायचा, मग मारामारी, मग वजिराचा बळी. शेवटाच्या कोड्यात यातलं बहुतेक काही नसतं. मारायला मोहरा नाही, बळी द्यायला वजीर नाही. जिंकणारी खेळी बहुधा इतकी साधी असते की नजर तिच्यावरून तीनदा जाते आणि थांबत नाही.

एक जागा मांडून बघा. (पटाचे उभे रकाने डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८; ई५ म्हणजे ई रकान्यातलं पाचवं घर.) पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. खेळी पांढऱ्याची. एक प्यादं जास्त आहे, राजा पुढे आहे, सगळं झकास दिसतं. तरी हा डाव बरोबरीचा. पांढरा राजा डी५ वर सरकला की काळा डी७ वर येतो, एफ५ वर सरकला की एफ७ वर. समोरासमोर, मध्ये एक घर सोडून. शेवटी प्यादं रेटावं लागतं. ते ई६ पर्यंत पोचलं की काळा राजा ई८ वर नीट मागे होतो, आणि मग पांढऱ्याला एक तर प्यादं सोडून द्यावं लागतं, नाहीतर स्टेलमेट द्यावं लागतं, म्हणजे शह नसताना काळ्याला एकही खेळी उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो.

आता तेच प्यादं एक घर मागे घ्या, ई३ वर. बाकी काही हलवू नका. पांढरा ई४ खेळतो आणि डाव जिंकतो. दिसायला जागा तीच झाली, पण खेळायची पाळी आता काळ्यावर आली आहे. काळा राजा हलला की वाट सोडतो. तो डी७ वर गेला तर पांढरा एफ६ वर घुसतो, एफ७ वर गेला तर डी६ वर. 'मला खेळायचंच नाही' असं म्हणायची सोय बुद्धिबळात नाही. या अवस्थेला झुगझ्वांग म्हणतात. मागे राहिलेलं प्यादं म्हणजे हातात राखून ठेवलेली एक खेळी. पुढे धावणारं प्यादं ती खेळी आधीच खर्च करून बसलेलं असतं. नवा खेळाडू प्यादं पुढे ढकलण्याची घाई करतो ती याचमुळे महागात पडते.

या दोन जागांमधला फरक मला कोडं म्हणून कुणी विचारला आणि खाली 'पांढरा जिंकतो' किंवा 'बरोबरी' असं लिहिलं, तर निम्मं काम संपलं. न लिहिता विचारलं, तर मात्र बसून मोजावं लागतं. म्हणून हल्ली मी खालची ओळ झाकून कोडी सोडवते. आधी निकाल ठरवायचा, मग खेळी शोधायची. वेळ दुप्पट लागतो. घड्याळ लावून, गुण मोजत कोडी सोडवण्याचा जो प्रकार फोफावला आहे, त्याच्यासाठी ही पद्धत अगदीच कुचकामी आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. शेवटाची कोडी घड्याळावर सोडवण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. शिवाय तिथली जवळजवळ सगळी कोडी जिंकण्याचीच असतात. त्यामुळे डोक्याला एक वाईट सवय लागते: जागा दिसली की विजय गृहीत धरायचा आणि सगळ्यात भडक खेळी आधी खेळून बघायची.

रचलेली कोडी आणि खऱ्या डावातून उचललेली कोडी, या दोन वेगळ्या जाती आहेत. रचलेल्या कोड्यात एकही मोहरा उगाच ठेवलेला नसतो. कोपऱ्यात एक प्यादं निवांत बसलेलं दिसलं की समजायचं, शेवटच्या खेळीला हेच कुणाच्या तरी आड येणार. उत्तराची वाटही एकच असावी लागते. दुसरी निघाली तर कोडं बाद. अशी शिस्त असल्यामुळे सराईत माणूस रचणाऱ्याच्या मनातलं ओळखून उत्तरापर्यंत पोचतो, पटावरून नाही. ही चलाखी मलाही थोडीफार जमते, आणि तिचा खेळताना काडीचा उपयोग होत नाही.

खालच्या ओळीवर विश्वास न ठेवल्यामुळे बुद्धिबळातलं सगळ्यात प्रसिद्ध कोडं जन्माला आलं. त्याची कुळकथा १८७५ साली लंडनला झालेल्या फेंटन विरुद्ध पॉटर या डावापासून सुरू होते. दोघांनी एका जागी बरोबरी मान्य केली. तिथे पांढऱ्याचा विजय होता हे नंतर झुकरटॉर्ट या त्या काळच्या नामांकित खेळाडूनं दाखवून दिलं. वीस वर्षांनी, १८९५ मध्ये, पॉटरचं निधन झालं तेव्हा बार्बिए या स्तंभलेखकानं ग्लासगोच्या एका साप्ताहिकात त्या डावाचा शेवट आठवणीतून छापला. मग त्याला एक गंमत सुचली. काळा राजा उचलून त्यानं ए१ च्या कोपऱ्यात ठेवला आणि जाहीर केलं की आता काळा बरोबरी करतो.

आज ती जागा अशी छापतात: पांढरा राजा बी६, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए१, काळा हत्ती डी५. खेळी पांढऱ्याची. पटावर मोहरे फक्त चार.

प्यादं सी७ वर जातं. काळ्याला ते थेट अडवता येत नाही, म्हणून तो हत्तीनं डी६ वरून शह देतो. आता पांढऱ्या राजानं जायचं कुठे? बी७ वर गेला तर हत्ती डी७ वर येऊन प्याद्याला जखडून टाकतो. सी५ वर गेला तर हत्ती डी१ वर उतरतो. प्यादं आठव्या रांगेत नेऊन त्याचा वजीर केला की सी१ वरून शह, आणि राजामागचा वजीर गेला. म्हणून राजा बी५ वर. हत्ती डी५ वरून शह, राजा बी४. हत्ती डी४ वरून शह, राजा बी३. हत्ती डी३ वरून शह, राजा सी२. राजा असा एकेक पायरी उतरत येतो आणि हत्ती मागोमाग. सी२ वर आल्यावर हत्तीचे शह संपले. प्यादं पुढच्या खेळीला वजीर होणार. मूळ जागेत काळा राजा दूर एच६ वर होता, तिथे डाव इथेच संपला असता.

पण राजा आता कोपऱ्यात आहे, आणि बार्बिएचा डाव इथेच होता. हत्ती परत डी४ वर जातो. पांढऱ्यानं वजीर केला की हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिरानं त्याला मारावंच लागतं. मारल्यावर काळ्या राजाला ए२, बी१, बी२ यांपैकी एकही घर उरत नाही, शहही नाही, हलवायला दुसरा मोहराही नाही. स्टेलमेट. बरोबरी. हे उत्तर सुंदर आहे आणि बहुतेक वाचक ते बघून 'वा' म्हणत पान उलटतील. ग्लासगोतही तसंच व्हायला हरकत नव्हती.

त्या वेळी ग्लासगोमध्ये फर्नांडो सावेद्रा नावाचे एक स्पॅनिश पाद्री राहत होते. बुद्धिबळात त्यांचं नाव या एका खेळीपलीकडे कुठेच नाही. हौशी, बेताचे खेळाडू. स्तंभात बरोबरी छापलेली असताना ते पटाकडे बघत राहिले आणि त्यांनी कळवलं की पांढरा जिंकतो. सी८ वर वजीर करायचा नाही, हत्ती करायचा.

आता सी४ वरचा शह निकामी झाला: पांढऱ्या हत्तीनं तो हत्ती मारला तर काळ्या राजाला ए२ चं घर मोकळं राहतं, म्हणजे स्टेलमेट नाही. उलट पांढऱ्याची धमकी आहे ए८ वरून मात देण्याची. काळ्याला ती थोपवायला एकच उपाय, हत्ती ए४ वर. आणि पांढरा राजा शांतपणे बी३ वर चढतो. एका पावलात दोन धमक्या: ए४ वरचा हत्ती खायची आणि सी१ वर हत्ती आणून मात करायची. काळा दोन्ही वाचवू शकत नाही.

या कोड्याबद्दल बोलताना सगळे 'हत्ती करणं' या खेळीवर थांबतात, आणि ती आहेच तशी. मला मात्र काळ्या राजाचं कौतुक वाटतं. बार्बिएनं त्याला कोपऱ्यात नेलं ते स्टेलमेटसाठी. कोपऱ्याशिवाय बरोबरी नव्हती. पण ए८ ची आणि सी१ ची मातही त्याच कोपऱ्यामुळे शक्य झाली. वाचवण्यासाठी बांधलेल्या भिंतींनीच राजाला कोंडलं. राजा मूळ जागीच राहिला असता तर सी८ वर निमूटपणे वजीर झाला असता आणि आज ती जागा कुणाला आठवलीही नसती.

सावेद्रांनी नेमकं काय केलं असेल, याचा विचार करताना मला त्यांच्या खेळण्याच्या ताकदीपेक्षा एक साधी गोष्ट मोठी वाटते. खाली निकाल लिहिलेला होता, तो लिहिणारा जाणकार होता, आणि तरी ते थांबले नाहीत. बरोबरीचं उत्तर सापडल्यावर आणखी शोधायचं कारणच काय होतं?

उलट्या बाजूचं उदाहरण रेटीचं. १९२१ मध्ये रिचर्ड रेटी या नावाजलेल्या खेळाडूनं एक कोडं प्रसिद्ध केलं, आणि त्याच्याखालची ओळ वाचून माणूस छापखान्याची चूक समजतो. पांढरा राजा एच८, पांढरं प्यादं सी६. काळा राजा ए६, काळं प्यादं एच५. पांढऱ्याची खेळी, आणि निकाल बरोबरी. काळ्याचं प्यादं सुसाट सुटलेलं, पांढरा राजा त्याच्या कितीतरी मागे. पांढऱ्याचं प्यादं तर काळा राजा दोन पावलांत खाणार. यात वाचवण्यासारखं काय आहे?

पांढरा राजा सरळ खाली पळत नाही, तिरका जातो: जी७, एफ६, ई५. या तिरक्या वाटेवर प्रत्येक पाऊल दोन कामं करतं. काळ्या प्याद्याच्या जवळही जातं आणि स्वतःच्या प्याद्याच्या जवळही. काळा प्यादं खायला थांबला तर पांढरा राजा एच५ वरून निघालेल्या प्याद्याला वेळेत गाठतो. काळ्यानं आपलं प्यादंच रेटलं तर राजा आपल्या प्याद्याला जाऊन मिळतो आणि दोन्हीकडे वजीर होतात. हे शक्य होतं कारण बुद्धिबळाच्या पटावर भूमिती वेगळी आहे. एच८ वरून एच२ ला सरळ गेलं तरी राजाला सहा पावलं लागतात, आणि ई५ पर्यंत तिरकं जाऊन पुन्हा वळसा घेत आलं तरी सहाच. कागदावर तिरकी रेघ लांब असते. राजाला ती लांबी मोजावी लागत नाही.

यातली कल्पना रेटीच्या आधीही एका डावात येऊन गेली होती. १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत तेव्हाचा विश्वविजेता लास्कर यानं टॅराशविरुद्ध हरल्यात जमा असलेला डाव अशाच दुहेरी कामाच्या राजानं वाचवला. लास्करच्या पटाखाली 'बरोबरी' असं लिहिलेलं नव्हतं. रेटीच्या कोड्याचं सौंदर्य मान्य, पण कुणी विचारलं तर मी लास्करची बरोबरी वरची म्हणेन.

याच न्यायानं स्पेनमधल्या लिनारेसच्या १९९८ च्या स्पर्धेतली टोपालोव्ह विरुद्ध शिरोव्ह ही लढत. दोघांकडे विरुद्ध रंगांचे उंट, म्हणजे एक पांढऱ्या घरांवर फिरणारा, दुसरा काळ्या घरांवर. अशा डावात दोन प्यादी जास्त असली तरी बरोबरी सुटते, हे शाळकरी खेळाडूलाही पाठ असतं. काळा शिरोव्ह. त्यानं आपला एकुलता एक उंट एच३ वर, थेट पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. प्याद्यानं उंट खाल्ला. त्या एका खेळीच्या अवधीत काळा राजा पटाच्या मध्यभागी पोचला आणि त्याची प्यादी आवरेनाशी झाली. शांतपणे उंट वाचवत खेळला असता तर पांढरा राजा आधी तिथे आला असता. हे कोडं म्हणून दाखवलं की पुष्कळ लोक सोडवतात, कारण त्यांना माहीत असतं की पटावर काहीतरी आहे. शिरोव्हला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

आणि माहीत असणं पुरतं असंही नाही. वजीर विरुद्ध हत्ती हा शेवट वजीरवाला जिंकतो, हे शतकानुशतकं पुस्तकांत आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञाच्या यंत्रानं हत्तीची बाजू घेतली आणि अमेरिकेचा ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन बसला, पैज लावून. यंत्राकडे प्रत्येक जागेचं अचूक उत्तर होतं. ते हत्ती राजापासून असा लांब नेऊन ठेवायचं की माणसाला ती घोडचूक वाटावी. ठरलेल्या पन्नास खेळ्यांत ब्राउनला जिंकता आलं नाही. त्यानं अभ्यास केला, पुन्हा बसला, आणि दुसऱ्या वेळी हत्ती हाती लागला तो थेट पन्नासाव्या खेळीला. निकाल पहिल्या दिवशीही तोच होता.

थॉम्पसनच्या यंत्राची नातवंडं आता सगळ्यांच्या फोनवर आहेत. टेबलबेस म्हणतात त्यांना. राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतची कुठलीही जागा मांडा, ते सांगतात: जिंकता, हरता की बरोबरी. सात मोहऱ्यांचा पहिला पूर्ण संच २०१२ मध्ये मॉस्कोच्या विद्यापीठातल्या महासंगणकावर तयार झाला. त्यात अशी एक जागा निघाली की दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर मात व्हायला ५४९ खेळ्या लागतात. त्या खेळ्या मी थोड्या चाळून पाहिल्या आहेत. राजा इकडे जातो, वजीर तिकडे जातो, पुन्हा सगळे जवळजवळ जागच्या जागी. कारण सापडत नाही. ग्रँडमास्टरांनाही सापडत नाही. तिथे पटाखालची ओळ आहे, खेळ्या आहेत, फक्त समजण्यासारखं काही नाही. अशा उत्तराला मी कोड्याचं उत्तर म्हणणार नाही.

काही जण म्हणतात, टेबलबेसनं शेवटाच्या कोड्यांची मजा घालवली. मला तसं वाटत नाही. जुन्या रचनाकारांची किती मेहनत खरी होती, हे उलट त्यांनीच सिद्ध केलं. अलेक्सी ट्रॉइट्स्की या रशियन रचनाकाराचं काम घ्या. दोन घोड्यांनी एकट्या राजावर जबरदस्तीनं मात करता येत नाही. पण बचाव करणाऱ्याकडे एक प्यादं असेल, तर कधी कधी करता येते! प्यादं जास्त असल्यामुळे बिचारा हरतो, कारण आता त्याला स्टेलमेटचा आसरा नाही; राजा कोंडला तरी प्यादं हलवावंच लागतं. एका घोड्यानं प्यादं रोखायचं, दुसऱ्या घोड्यानं आणि राजानं कोंडी करायची, आणि नेमक्या क्षणी पहिला घोडा सोडायचा. ते प्यादं कुठल्या घरापर्यंत आलेलं चालतं, याची सीमारेषा ट्रॉइट्स्कीनं हातानं शोधून काढली. यंत्रं आली आणि त्यांनी ती रेषा बरोबर ठरवली. १९४२ मध्ये, लेनिनग्राडच्या वेढ्यात, उपासमारीनं त्याचा अंत झाला. त्याच्या पटाखाली निकाल लिहून द्यायला कुणी नव्हतं; तोच लिहीत होता.

टेबलबेसवर मी शेवटी जाते, आधी नाही. अंदाज लिहून ठेवायचा, खेळ्या लिहून ठेवायच्या, मग विचारायचं. 'जिंकतो' असं ठरवलं आणि यंत्र 'बरोबरी' म्हणालं, की समोरच्याची कुठली खेळी आपण पाहिलीच नाही हे शोधण्यात पुढचा सगळा वेळ जातो. बहुतेक वेळा ती स्टेलमेटची असते. त्यामुळे आता दुसऱ्याच्या राजाला किती घरं उरली आहेत, हे मी आपल्या राजाच्या आधी मोजते.

सावेद्रांची जागा अजून तुमच्यासमोर मांडलेली असेल तर तिच्यात एक बदल करा. काळा राजा ए१ वरून उचला आणि ए२ वर ठेवा. बाकी सगळं तसंच: पांढरा राजा बी६, प्यादं सी६, काळा हत्ती डी५, खेळी पांढऱ्याची. बी३ चं घर पांढऱ्या राजाला आता मिळत नाही, तिथे काळा राजा भिडतो; म्हणजे जिना मध्येच तुटला. आणि सी४ वर वजिरानं हत्ती मारला तर काय होतं, तेही नव्यानं बघावं लागेल. निकाल मी लिहीत नाही.